चांगुणामावशीचे चिंचोके

चांगुणामावशी पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिने काउंटरवर आधी दोन चिंचोके ठेवले आणि मग वही. मला वाटलं, बाई किराणा दुकान समजून आत शिरली. कुसगावात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, चिक्कीच्या डब्यांवरची लेबलं, बंगल्यांच्या फाटकावर लावायच्या 'मोठ्याने गाणी लावू नयेत' अशा पाट्या, असलं सगळं मी करून देते. वह्या घेऊन येणारं गिऱ्हाईक तोवर कोणी भेटलं नव्हतं.

"ह्यो तुजा, ह्यो माजा," ती चिंचोक्यांकडे बोट करून म्हणाली. "मी वाचते, तू आयक. कुटं खोटं वाटलं तर तुजा खाली ठेव. मग टायपिंग कर."

"मावशी, मला फक्त टाइप करायचंय. खरंखोटं मी कशाला बघू? पत्रिकेत नवरा मुलगा उच्चशिक्षित म्हणून लिहून आणतात, मी विचारते का कितवीत नापास झालाय ते?"

"पत्रिका लगीन झालं की फेकून देत्यात, बाय. ह्ये ऱ्हानार हाय."

एवढं म्हणून तिने वाचायला सुरुवातही केली. दुकानात दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. त्यातला एक रिसॉर्टचा मॅनेजर होता, त्याला मेनूकार्डाची घाई होती. तो पाच मिनिटांनी माझ्या खुर्चीवर बसून ऐकायला लागला. खेकडे धरायचं प्रकरण होतं ते. बिळात हात घालताना अंगठा कुठे ठेवायचा, आतला खेकडा जिवंत आहे की नुसतं पाणी आहे हे बोटाला कसं कळतं, असं सगळं. मॅनेजरने मेनूकार्ड दुसऱ्या दिवशी नेलं.

चांगुणा मुकणे. आमच्या गावाबाहेरच्या कातकरी वाडीतली. आमचं म्हणजे माझं माहेरचं गाव, नाणे मावळात. मी लग्न होऊन कुसगावात आले आणि तिची मुलगी इथल्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करते, म्हणून ती अधूनमधून इकडे यायची. पावसाळ्यात भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कणसं भाजून विकायची. ठेंगणी, काटक, केस कायम तेल लावून चापून बसवलेले. वाडीतली सातवी पास झालेली ती पहिली बाई. पुढे बरीच वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. मुलांना खिचडी शिजवून घालता घालता तिला लिहायचा नाद लागला. पोषण आहाराच्या नोंदींच्या जुन्या वह्या उरायच्या, त्यांच्या कोऱ्या बाजूंवर ती लिहायची. वाडीची सगळी कथा: कुठून आलो, कुणी हाकललं, जंगलात काय खाल्लं, कोळशाच्या भट्ट्यांवर कोण भाजलं, शाळेत कोणाला मागे बसवलं. घरात ते लोक त्यांच्या बोलीत बोलतात. लिहिलं मात्र तिने मराठीत. का, असं विचारलं तर म्हणाली, "आमाला ठावं हाय. तुमाला सांगायचं हाय न्हवं?"

चिंचोके तिने अंगणवाडीतूनच उचलले होते. मुलांना आकडे शिकवायला तिथे डबाभर चिंचोके असायचे. एखादं प्रकरण लिहून झालं की ती वाडीत अंगणवाडीच्या ओट्यावर सगळ्यांना गोळा करायची. म्हातारी माणसं, त्यांची मुलं-सुना, शेंबडी पोरं, सगळ्यांना एकेक चिंचोका. तिचं वाचन चालू असताना ज्याला काही खोटं वाटेल त्याने चिंचोका जमिनीवर ठेवायचा. ठेवला की ती थांबायची आणि एकच प्रश्न विचारायची, "तू बघितलंस का?" बघितलं असेल तर ती लिहिलेलं खोडायची. नुसतं ऐकलं असेल तर चिंचोका त्याच्या हातात परत द्यायची. यात लहानथोर काही नाही. एका पाच वर्षांच्या पोरीने, "भाकरी चंद्रासारखी गोल न्हवती, आजीची भाकरी वाकडीच आसती," म्हणून चिंचोका ठेवला होता. मावशीने तिथल्या तिथे 'गोल' खोडलं.

मी एकदा ते बघायला गेले आणि हसून हसून मेले. दोन म्हातारे अस्वलाने कोणाच्या आज्याला ओरबाडलं यावरून तासभर भांडत होते. दोघांनाही अस्वल आपल्याच घरात हवं होतं. शेवटी मावशीने दोघांना विचारलं, बघितलंस का? दोघांनीही बघितलं नव्हतं. तिने अस्वलच काढून टाकलं. म्हातारे हिरमुसले. मला तर फार वाईट वाटलं, कारण प्रकरणात चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं.

"मावशी, अस्वल ठेवा हो," मी टाइप करताना म्हटलं. "लोकांना आवडेल."

"लोकास्नी आवडायला मी कनसं इकते की," ती म्हणाली.

असा तिचा हेका. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, आदिवासींच्या गोष्टींचं रंगीत पुस्तक काढणाऱ्या. त्यांना मावशीची वनदेवीची गोष्ट हवी होती, पण त्यातला फॉरेस्टचा गार्ड नको होता. मावशी त्यांना म्हणाली, "बाई, देवी आमी बघितली न्हाई, गार्ड बघितलाय. तुमी देवी न्या, गार्ड माज्यापाशी ऱ्हाऊंद्या." त्या बाई काहीच न घेता गेल्या. मला वाटतं, त्यांना राग आला असावा. मावशीला मात्र वाटत होतं की आपण चांगलं देऊ केलं होतं.

मला ती फार आवडायची हे मी कबूल करते. माझी आई लवकर गेली. मावशी दुकानात आली की माझ्या पाठीवर एक थाप मारायची आणि "वाळली गं बाय" म्हणायची. मी तेव्हाही आत्तासारखीच चांगली भरलेली होते. पण मला ते ऐकायचं असायचं. येताना ती कधी करटुली आणायची, कधी केळीच्या पानात बांधलेली सुकी मासळी, आणि मासळीच्या वासाने माझी गिऱ्हाइकं नाक मुरडायची. मुरडेनात का.

पुस्तक जवळजवळ पुरं होत आलं तेव्हा तिने बापाचं प्रकरण आणलं. तिचा बाप लहानू, वाडीचा नाईक म्हणजे प्रमुख. ती नऊ-दहा वर्षांची असताना गावात चोरी झाली. गावात चोरी झाली की पोलीस आधी वाडीवर यायचे, त्यात नवल नव्हतं. तिने लिहिलं होतं की पोलिसांनी सगळ्या बाप्यांना उन्हात उभं केलं, तेव्हा लहानू नाईक पुढे झाला आणि म्हणाला, माझ्या माणसांना हात लावू नका, न्यायचं तर मला न्या. तरी त्यांनी सोमा नावाच्या तरुण पोराला नेलं. आठ दिवसांनी सोमा चौकीतून आला, कोणाशी एक अक्षर बोलला नाही, आणि घाट उतरून खाली गेला तो परत आलाच नाही. वाडीत ही हकिगत अशीच सांगत आले होते. मला ते प्रकरण फार आवडलं. टाइप करताना माझे डोळे भरून आले.

ते तिने ओट्यावर वाचलं तेव्हा मीही तिथे होते. लहानू नाईक पुढे झाला इथवर ती आली आणि बुधीआजीने आपला चिंचोका जमिनीवर ठेवला. बुधीआजी म्हणजे सोमाची धाकटी बहीण. पंचाहत्तरीच्या पुढची, दिसायला कमी झालेलं, पाठीचा कणा पार वाकलेला. तिने फेकला नाही, आपटला नाही. नीट वाकून, बोटांनी जमीन चाचपून ठेवला.

मावशी थांबली. पण नेहमीचा प्रश्न तिने विचारला नाही. ओट्यावरची म्हातारी माणसं एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली. मावशीने वही मिटली आणि म्हणाली, "आज एवडंच."

मी निघताना तिला म्हटलं, "ते प्रकरणच गाळा ना. तुमच्यावर इतरांनी काय केलं ते लोकांना वाचायचं असतं. तुमचं आपसातलं कशाला?" त्यानंतर ती महिनाभर दुकानात फिरकली नाही. मी दोनदा निरोप पाठवला. तिची मुलगी म्हणाली, आई जेवत नाही, नुसती वही घेऊन बसते, आणि मामा घरी येऊन भांडून गेला.

महिन्याने ती आली. पाठीवर थाप नाही, काही नाही. चार पानं पुढे ठेवली. "वाच," म्हणाली. "ह्ये मला वाचून दावता येनार न्हाई."

मी वाचलं. पोलिसांनी नाइकाला सांगितलं होतं, एक नाव दे, नाहीतर सगळ्यांना नेतो, बायकांनाही. लहानू नाईक बराच वेळ उभा राहिला. मग त्याने सोमाकडे बोट केलं. सोमाचं लग्न झालेलं नव्हतं, मागे पोरंबाळं नव्हती, म्हणून. चांगुणा बापाच्या मागेच उभी होती. तिने ते बोट बघितलं. वाडीतल्या सगळ्यांनी बघितलं आणि पुढे बघितलं नाही असं ठरवलं. तिने स्वतःसुद्धा इतकी वर्षं दुसरीच हकिगत सांगितली, आणि सांगून सांगून ती तिला खरी वाटायला लागली होती.

"सगळ्यांस्नी इचारत फिरले, बघितलंस का, बघितलंस का," ती म्हणाली. "मला कोन इचारनार? बुधीनं इचारलं."

भाऊ म्हणत होता, हे छापलंस तर माझं तोंड बघू नकोस. तिची म्हातारी आई अजून होती. तिच्या हयातीत नवऱ्याचं नाव असं छापायचं म्हणजे काही थोडं नव्हतं. पण मावशीला त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. "बुधी आता किती दिसांची? तिला ठावं न्हाई, भावानं चोरी केलती का न्हाई. वाडीत कुनालाच ठावं न्हाई. मी बापाचं लिव्हलं, पन सोम्याचं काय लिव्हू? चोर हुता लिव्हू, का न्हवता लिव्हू? ती मरायच्या आदी तिला कायतरी सांगाया पायजे."

मी चौथं पान उलटलं. तिथे, पहिल्या खेपेला तिने न लिहिलेली एक गोष्ट होती. चोरी कोणाकडे झाली आणि कशाची. पोलीस पाटलांच्या घरातला तांब्याचा मोठा हंडा.

पोलीस पाटील म्हणजे माझे आजोबा.

"तुज्या घरचं हाय म्हनून पयल्यांदा लिव्हलं न्हवतं," ती खाली बघत म्हणाली. "तुला वाईट वाटंल."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना आजही माझे कान गरम होतात. हंड्याची गोष्ट मला माहीत होती. आमच्या घरात सगळ्या पोरासोरांना माहीत होती. दिवाळीला सगळे जमले की ती सांगायचीच, आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचंच. माझी धाकटी चुलत आजी नवी नवरी असताना विहिरीवर गेली. मोठा हंडा दोराने सोडला, गाठ सुटली, हंडा गेला तळाला. सासूच्या धाकाने तिने कोणाला सांगितलं नाही. घरात हंडा सापडेना म्हणून बोंबाबोंब झाली आणि ती आपली निमूट चुलीपुढे बसून राहिली. दोन वर्षांनी विहिरीचा गाळ काढताना हंडा वर आला, तेव्हा ही बाई तोंडावर पदर घेऊन माजघरात पळाली. इथे सगळे हसायचे. त्याच हंड्यात दिवाळीला आमच्या आंघोळीचं पाणी तापायचं. मधल्या दोन वर्षांत काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही. गोष्टीत सोमा नव्हताच.

मी मावशीला त्या दिवशी काही सांगितलं नाही. म्हटलं, पानं ठेवून जा, करते. तीन दिवस मी ती पानं ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पत्रिका टाइप करत बसले. चौथ्या दिवशी ती आली आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. सांगताना मीच रडायला लागले. मग तिने विचारलं, "तू बघितलंस का हंडा निगताना?"

"नाही मावशी. मी जन्मले पण नव्हते. ऐकलंय."

"मग तुजं न्हाई चालायचं. कुनी बघितलं?"

आजी गेली, आजोबा गेले. उरले होते फक्त माझे वडील. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, मीही म्हणते. तेव्हा ते चौदा-पंधरा वर्षांचे होते. गाळाची पाटी हातोहात वर घेणाऱ्यांत तेही होते.

आबांकडे मी गेले आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. "गेलेल्या मान्साची अब्रू चव्हाट्यावर आनतीस?" ते ओरडले. "तुज्या आज्यानं गावासाठी काय काय केलं!" मी म्हटलं, सोमासाठी काय केलं? त्यावर ते ताडकन उठून गोठ्यात गेले. गोठ्यात गुरं उरलेली नाहीत. ते नुसते तिथे जाऊन उभे राहिले. मी संतापाने तशीच परत आले.

हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "तू भांडलीस कशाला? भांडून कोन खरं बोलतं?" आणि दोन दिवसांनी ती स्वतःच आमच्या घरी गेली. मी धावतपळत मागोमाग पोचले. आबा पडवीत बसले होते. मावशी नेहमीसारखी पायरीवर टेकली. हंड्याचं तिने नाव काढलं नाही. पिशवीतून पानं काढली आणि म्हणाली, "आबा, माज्या बापाचं लिव्हलंय. तुमी तवा तितं व्हता. माज्या ध्यानात हाय, तुमच्या हातात पेरू व्हता. मी वाचते. चुकलं आसंल तर सांगा."

जे तिला माझ्यासमोर वाचता आलं नव्हतं ते तिने आबांसमोर वाचलं. आवाज दोनदा फाटला. तरी बाप, बोट, सोमा, सगळं वाचलं. आबांनी मान खाली घातली होती. ती थांबल्यावर ते म्हणाले, "बोट डाव्या हाताचं व्हतं."

"व्हय. उजवा हात भट्टीवं भाजलावता त्याचा."

"तेवडं लिव्ह."

तिने तिथेच पेनने लिहिलं. मग आबा म्हणाले, "चांगुणा, वर येऊन बस." ती पडवीत येऊन बसली. "ह्यात एक ऱ्हायलंय," आबा म्हणाले, आणि त्यांनी हंड्याचं सांगितलं. आजोबांनी गाळ काढणाऱ्यांना दम दिला होता, ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. ते मलाही त्याच दिवशी कळलं. "मला कळत व्हतं," आबा म्हणाले. "चौदा वर्सांचा व्हतो, काय न कळायला? पन समदी हसली. मीबी हसलो."

"आता ह्ये ओट्यावं येऊन सांगा," मावशी म्हणाली.

"तूच लिव्ह की. मी कशाला तितं?"

"मी कुटं बघितला हंडा? तुमी बघितला."

आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला: धोतर इस्त्री केलंय, गाडी घेऊन ये.

अंगणवाडीच्या ओट्यावर त्या दिवशी झाडून सगळी वाडी होती. मावशीचा भाऊसुद्धा लांब भिंतीला टेकून उभा होता. मावशीने आधी बापाचं प्रकरण वाचलं, सगळ्यांदेखत, बोटासकट. तिच्या आईने पदर तोंडात धरला होता. मग आबा उभे राहिले. माझे आबा ग्रामसभेत तासभर बोलणारे गृहस्थ. त्या दिवशी चार-पाच वाक्यांत संपले. हंडा विहिरीत होता. दोन वर्षांनी निघाला. आम्ही कोणाला सांगितलं नाही. सोमानं चोरी केली नव्हती.

बुधीआजीने त्यांच्या आवाजाच्या दिशेला मान वळवली. "कवा निगाला म्हनलात?"

"दोन वर्सांनी."

ती बोटांवर मोजत बसली. "दोन वर्सांनी तो खोपोलीखाली भट्टीवं व्हता," ती म्हणाली. "सांगावा आलता त्याचा. मला चोर म्हनत्यात तवर वर येनार न्हाई म्हनला. पाचव्या वर्सी तापानं गेला." मग अगदी हळू, "मी भैन त्याची. मलाबी कवाकवा वाटायचं, घेतला आसंल का."

"तवा सांगितलं आसतं तर आला आसता," ती म्हणाली.

"व्हय," आबा म्हणाले. "आला आसता."

ते तसेच उभे होते. बस म्हणायला कोणी पुढे आलं नाही, आणि माझं काही धाडस होईना. शेवटी मावशीनेच उठून त्यांच्या हाताला धरलं आणि बसवलं. मला वाटलं होतं बुधीआजी रडेल, शिव्या देईल. तिने फक्त मावशीला विचारलं, "लिव्हशील न्हवं समदं?" मावशी म्हणाली, लिव्हते. "माजंबी लिव्ह. मला वाटायचं त्येबी."

मावशीने तेही लिहिलं. मी टाइप केलं. पुस्तक श्रावणात आलं, पातळसं, साध्या कव्हराचं, आणि त्यात अस्वल नाही. ते हातात घेतल्यावर तिने आधी वास घेतला आणि मग शाईचं बोट पदराला पुसलं. भाऊ अजून बोलत नव्हता. पण त्याच्या सुनेने एक प्रत लपवून नेल्याचं तिला कळलं होतं, आणि त्याचा तिला फार आनंद झाला होता.

पुस्तक द्यायला ती आमच्या घरी गेली तेव्हा आबांनी तिला चहा केला. त्यांनी आयुष्यात स्वतः केलेला तो बहुधा दुसरा-तिसरा चहा असेल. साखर घालायला विसरले होते. ती तो निमूट प्याली आणि निघताना म्हणाली, "आबा, आमच्या ओट्यावं सांगितलंत, लय झालं. पन ती हसायची गोष्ट आमच्यात कवाच न्हवती. ती तुमच्या घरात हाय. तितं कवा सांगनार?"

आबा म्हणाले, "सांगीन."

भाद्रपदात तिला ताप आला. तालुक्याला नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ती मुलीच्या खोलीत पडून होती. हाताला कातडी तेवढी राहिली होती. तरी माझ्या पाठीवर हात फिरवून "वाळली गं बाय" म्हणालीच. मग विचारलं, "आबांनी सांगितलं का?" मी म्हटलं, दिवाळीला सगळे जमतात तेव्हा सांगतील. "बरं," ती म्हणाली. "सांगताना तू आयक. मला सांगाया ये." तीन दिवसांनी ती गेली. ती जाण्याने माझ्या दुकानाला आणि मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. अजून दुपारी दारात कोणाची सावली आली की मी मान वर करते.

दिवाळीला सगळे जमले. पाडव्याच्या दुपारी जेवणं झाल्यावर पोरांनी नेहमीप्रमाणे हंड्याच्या गोष्टीचा लकडा लावला. आबा पडवीत मधोमध बसले. गोष्ट त्यांनी नेहमीसारखीच सुरू केली. नवी नवरी, दोर, सुटलेली गाठ. पोरं आधीच खुसखुसायला लागली होती. मग आबा म्हणाले, "वाडीत एक पोरगा व्हता, सोमा." मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. माझा चुलतभाऊ म्हणाला, "आबा, आज सणासुदीचं कशाला?" आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सोमाला कसं नेलं ते सांगितलं, तो घाट कसा उतरून गेला ते सांगितलं, आणि मग हंडा वर आणला. दरवर्षी जिथे सगळे हसायचे तिथे आले तेव्हा कोणीच हसलं नाही.

माझ्या भाचीला, सहा वर्षांच्या पोरीला, गोष्ट अजून पुरी झालेली नव्हती. ती आबांच्या गुडघ्याला धरून म्हणाली, "मग सोमाला कोणी सांगितलं, हंडा सापडला म्हणून?"

"कुनीच न्हाई," आबा म्हणाले.

"का पण?"

ती त्यांच्याकडे बघत, वाट पाहत उभी राहिली.